तीन नंबरचा इंजेक्टर

३ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६.५०

काल कुरिअरने इंजेक्टर आले. चार नग, नवे कोरे. उशाशी ठेवून झोपलो.

आजचा बेत: आठ ते बारा जुने इंजेक्टर काढून नवे बसवणे. बारा ते दोन आंघोळ, दाढी, जेवण. बरोब्बर चार वाजता मेव्हणीच्या दारात हॉर्न. ही खाली येईल, गाडीत बसेल, की आम्ही घरी. संध्याकाळचा चहा दोघांचा.

ही बहिणीकडे हवापालटाला गेली आहे. आज वीस दिवस झाले. जाताना शिलाई मशीन, सगळे स्वेटर, स्वतःची सर्टिफिकेटं आणि सासूबाईंचा फोटो एवढंच नेलं. हवापालटाला शिलाई मशीन कशाला, असं लेक फोनवर म्हणाली. पण हिला रिकामं बसवत नाही, हे लेकीला कुठे माहीत? शिवाय दात घासायचा ब्रश इथेच आहे. कायमचं जाणारं माणूस ब्रश ठेवून जात नाही. एकतीस वर्षं विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. अपघातात दोष कोणाचा, हे पुराव्यावरून ठरवण्यात हयात गेली. ब्रश हा पुरावा आहे.

मूळ मुद्दा असा: ९ जानेवारीला सासूबाईंना बघायला हॉस्पिटलात निघालो आणि गाडी वाटेत बंद पडली. चाळीस मिनिटं गेली, शेवटी टॅक्सी केली. त्यात हिचा माझ्याबद्दल गैरसमज झाला. वास्तविक दोष तीन नंबरच्या इंजेक्टरचा. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी बोटाएवढी नळी. ती चोंदली की गाडी बंद. यात नवरा आला कुठे? नवे इंजेक्टर बसले, गाडी नीट पळाली, की हिला आपोआप पटेल.

दुपारी १.१५

अजून सुरुवात व्हायची आहे. दहा नंबरचा पाना सापडेना. ही कुठेतरी ठेवते. विचारायला फोन केला. मेव्हणीने उचलला. ही झोपली आहे म्हणाली. सकाळी अकरा वाजता? तब्येत जपते आहे, चांगलं आहे. पाना माझ्याच खिशात होता.

संध्याकाळी ५.४०

पुस्तकात लिहिलंय, नळी सोडवण्याआधी आतलं प्रेशर घालवा. आम्हाला शिकवतात. गाडी इतके दिवस उभी, प्रेशर येणार कुठून? आलं. तोंडावर, चष्म्यावर, शर्टाच्या आत. डोळे धुण्यात एक तास गेला. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून ओरडल्या की काडी पेटवू नका. काडी पेटवायला मी काय वेडा आहे?

मेव्हणीला फोन करून सांगितलं, आजचा कार्यक्रम पुढच्या शनिवारवर गेला. तिने विचारलं, कुठला कार्यक्रम?

४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.००

उत्तम प्रगती. जुने चारही इंजेक्टर बाहेर. एका प्लगचा तुकडा पडला, एक क्लिप उडून गटारात गेली, डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. किरकोळ.

जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून जुने चार मांडले. काळेकुट्ट. खरं तर फेकायचे. पण सर्व्हेअरचा नियम आहे, बदललेला भाग टाकायचा नाही, तोच पुरावा असतो. हिला दाखवायचे आहेत. आणि दाखवायचे तर असे कळकट कसे दाखवणार? घासायला बसलो. माझ्याच ब्रशने. हिच्या ब्रशला हात लावला नाही. साडेतीन तास घासले. असे चकाकले की नव्याच्या तोंडात मारावं. नवे चारही शेजारी मांडून बघितले. आठ भाऊ.

एवढ्यात लेकीचा फोन. बाबा काय करताय म्हणाली, तर सगळं सविस्तर सांगितलं. बोलता बोलता टेबल आवरलं. खोकी कचऱ्यात टाकली, पेपर बदलला, इंजेक्टर पुसून परत मांडले.

आता नवे कुठले आणि जुने कुठले, असा प्रश्न एखाद्या नवख्याला पडेल. मला पडत नाही. नजर आहे. चार उचलले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

लेक म्हणते, आई घर बघते आहे. दोन खोल्या, हिच्या शिवणक्लासच्या जवळ. एक मार्चपासून. कोणासाठी म्हणून विचारलं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी एकदा बोला. गाडीबद्दल नाही. नुसतं बोला.

घर घेणं ही कल्पना वाईट नाही. भाड्याचं असलं तरी हिला हिशेबी डोकं आहे, काहीतरी पुढचा विचार असेल. पण मला न विचारता? म्हणजे मला सरप्राइज द्यायचं असणार.

१० फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.३०

इंजेक्टर बसले! रबराच्या रिंगांना तेल लावलं, पुस्तकात आहे तसं, हलक्या हाताने दाबले. चौथा ऐकत नव्हता. त्याला हातोडीच्या दांड्याने समजावलं. चावी फिरवली. एकदा, दोनदा, अकराव्यांदा गाडी सुरू झाली.

थरथरते. सबंध गाडी थरथरते, आरसा हलतो, सीटवर ठेवलेला चष्मा खाली पडला. नवे भाग अंगवळणी पडायला वेळ लागतोच. आमच्या लग्नानंतर ही सुद्धा पहिले सहा महिने माझ्याशी धड बोलत नव्हती.

दुपारी २.००

रस्त्यावर काढली. कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यावरून ढकलत आणली. शाळेतून येणाऱ्या चार मुलींनी हातभार लावला. आजचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. म्हणजे गाडीही ढकलली आणि कार्यक्रमही. हा विनोद हिला सांगायला हवा होता. ही हसली नसती. पण हसू दाबताना हिची हनुवटी हलते, तेवढं मला पुरतं.

११ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.००

बसने मेव्हणीकडे गेलो. न कळवता. मेव्हणीने दार उघडलं, चहा दिला, बिस्किटं दिली, समोर बसली नाही. ही पडदे बघायला बाहेर गेली आहे म्हणाली. हॉलमध्ये हिचं मशीन खिडकीशी मांडलेलं. त्यावर अर्धवट शिवलेला फ्रॉक. म्हणजे गिऱ्हाइकंही इकडेच यायला लागली.

मी रिपोर्ट ठेवून आलो. दोन पानं, तीन प्रतींपैकी एक. शीर्षक: ‘९ जानेवारीच्या घटनेची कारणमीमांसा’. आकृती काढली आहे, लाल शाईने तीन नंबरचा इंजेक्टर दाखवला आहे. घटनेची वेळ, ठिकाण, वाहनाची स्थिती. ‘परिणाम’ या सदरात लिहिलं: हॉस्पिटलात पोचण्यास विलंब. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई जाऊन अकरा मिनिटं झाली होती. हे रिपोर्टात लिहिलं नाही. आवश्यक वाटलं नाही. त्यांचं वय ब्याऐंशी होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होतीच, अकरा मिनिटांनी तसा काय फरक पडतो, हेही आधी लिहिलं होतं. मग ते पान बदललं.

निघताना मेव्हणी म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. कोणाबद्दल बोलत होती कोण जाणे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्टवर उत्तर नाही. बारकाईने वाचत असणार. आकृती समजायला वेळ लागतो.

आज मीच कुकर लावला. तीन शिट्ट्या की चार, हे विचारायला हाक मारली. स्वयंपाकघरात मी एकटाच होतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.००

मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. गॅरेज आता मुलगा बघतो, यांचे गुडघे गेले. मदत म्हणून नाही, फक्त दुसरं मत म्हणून. आल्या आल्या इंजिनावर कान ठेवला आणि हसले. बघू, घोडं कुठे पेंड खातंय ते, म्हणाले.

पंधरा मिनिटांत चारही इंजेक्टर काढून हातात दिले. म्हणाले, साहेब, यातले दोन नवे आहेत, दोन जुने. दोन्ही घरचे वऱ्हाडी एकाच पंगतीला बसवलेत. वर दोन रिंगा फाटल्या आहेत, हवा आत जाते, म्हणून गाडीला हुडहुडी. मी म्हटलं, तुलना करण्यासाठी मुद्दामच तसं केलं होतं. मिस्त्री बरं म्हणाले. चांगला माणूस आहे.

मग म्हणाले, जुने आहेत कसे ते तरी बघू. चार काचेच्या बाटल्या मागितल्या. हिच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या दिल्या. प्रत्येक बरणीत एकेक जुना इंजेक्टर सोडला आणि मला चावी फिरवायला लावली. चारही बरण्यांत सारखा बारीक फवारा. रेघ ओढावी तसं सारखं पेट्रोल.

म्हणाले, जुने चारही ठणठणीत आहेत. यांना कधीच काही झालं नव्हतं. तुम्ही बदलले कशाला?

मी म्हटलं, गाडी बंद पडली होती. कशी, झटके देत की एकदम? झटके देत. मग परत सुरू कशी झाली? आपोआप, मी म्हटलं, संध्याकाळी. त्याआधी काय केलंत? मी म्हटलं, विशेष काही नाही, कॅनमधून थोडं पेट्रोल ओतलं, खबरदारी म्हणून.

मिस्त्रींनी हात पुसले. म्हणाले, साहेब, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी त्यांना गुडघ्यांबद्दल विचारलं.

१८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.००

वस्तुस्थिती शांतपणे मांडतो. ९ जानेवारीला निघताना पेट्रोलचा काटा तळाला होता. हे मला दिसत होतं. पण काटा तळाला गेल्यावरही ही गाडी तीस किलोमीटर जाते, हा माझा अनुभव. हॉस्पिटल अठरा किलोमीटर. पंपावर रांग होती. थांबलो असतो तर उशीर झाला असता आणि घाई तर हिलाच होती. म्हणजे तसं बघितलं तर

वरचं शेवटचं वाक्य पुरं करणार नाही.

दुपारी १.००

शिवाय टॅक्सी करू या, असं ही दारातच म्हणाली होती. मी म्हटलं, घरची गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील? कुठले लोक, ते आता आठवत नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५.००

मिस्त्रींनी चारही नवे बसवले, रिंगा बदलल्या. पहिल्या चावीला सुरू. पंचवीस वर्षांत असा आवाज ऐकला नाही. इंजिनावर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाणी हललं नाही. वरच्या बाईसुद्धा खाली येऊन वा म्हणाल्या.

लेकीचा फोन. घर ठरलं. एक तारखेला आई राहायला जाते आहे. मी ब्रशचा मुद्दा काढला. लेक म्हणाली, बाबा, आईने त्याच दिवशी नवा घेतला. ब्रश काय, कोपऱ्यावर मिळतो.

पुराव्याचं वजन थोडं कमी झालं, हे मान्य करावं लागेल. पण गाडी सुरू आहे. रविवारी जातो. एकदा ही गाडीत बसली की पुढचं मी बघतो.

२५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.१५

टाकी काठोकाठ भरली. निळा शर्ट, इस्त्रीचा. हिची सीट झटकली, मागे उशी ठेवली, हिची कंबर दुखते. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहिलं आहे. १) आवाज ऐकवणे. २) इंजेक्टर दाखवणे. ३) घरी आणणे. निघतो.

त्याच दिवशी. दुपारी ३.३०

जसं झालं तसं लिहितो.

अकराला पोचलो. हॉर्न दिला. गॅलरीत आधी मेव्हणी आली, मग ही. ही खाली आली. बारीक झाली आहे. बरे आहात ना, जेवता ना वेळेवर, म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते सोड, आधी हे ऐक. गाडी सुरू करून दाखवली. हिने ऐकलं. छान आवाज आहे म्हणाली. मनापासून म्हणाली. मला इतका आनंद झाला की चिठ्ठी बघायचं राहिलं. म्हटलं, थांब, तुला नवे इंजेक्टर दाखवतो. इंजिन बंद केलं, बॉनेट उचललं. बॉनेटला टेकू द्यायची दांडी मोडून तीन वर्षं झाली, घरी काठी लावतो, काठी घरी राहिलेली. तर सहज म्हणालो, अगं, जरा हे धर.

ही जागची हलली नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी बॉनेट धरून उभा. मग ही बोलायला लागली. आवाज चढवला नाही. म्हणाली, त्या दिवशी चाळीस मिनिटं हे मीच धरलं होतं. तुम्ही आत हात घातला होता आणि सोडू नकोस, हात चेमटेल, म्हणत होतात. समोरून टॅक्स्या जात होत्या. नऊ रिकाम्या गेल्या, मी मोजल्या. हात करायला हात मोकळा नव्हता. पर्स सीटवर होती आणि आत फोन वाजत होता. चार वेळा वाजला. ताई करत होती. आई शुद्धीवर आली होती, माझं नाव घेत होती, तिच्या कानाला फोन लावावा म्हणून ताई करत होती. मी तुम्हाला सांगितलं, फोन वाजतोय. तुम्ही म्हणालात, दोन मिनिटं.

मला फोन आठवत नव्हता. आता आठवतो. एकतीस वर्षं लोकांचे जबाब घेतले आणि शेजारी उभ्या बाईचा एकदाही घेतला नाही.

मग हिने एकच विचारलं. पेट्रोल संपलं होतं ना? माझ्याकडे उत्तरं तयार होती. तीस किलोमीटर, रांग, सगळं. मी म्हणालो, हो. निघतानाच माहीत होतं? हो, म्हणालो. रस्त्यातही माहीत होतं. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून बॉनेट उघडून काहीतरी करत राहिलो. आत काहीच करत नव्हतो.

हिचे डोळे भरले होते, पुसले नाहीत. म्हणाली, हे तिथेच रस्त्यात म्हणाला असतात, तर मी टॅक्सीत बसले असते. रागावलेसुद्धा नसते. आईशी बोलले असते.

मी म्हटलं, चुकलो. घरी चल.

हिने मान हलवली. तुम्ही माणूस वाईट नाही, म्हणाली. पण मला आता तुमच्या शेजारी उभं राहवत नाही. जिना चढून गेली. मी बॉनेट खाली सोडलं. उशी मागच्या सीटवर टाकली.

गाडी वाटेत एकदाही अडखळली नाही. मोठ्या सिग्नलला मी रडलो. हिरवा लागला तरी हलता येईना. मागचे हॉर्न वाजवत होते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्टाच्या उरलेल्या दोन प्रती फाडल्या. दोष माझा. नवीन रिपोर्ट करण्याची गरज नाही, हिला हे आधीच ठाऊक होतं.

२८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.००

लेकीचा फोन. आईचं कापड बेतायचं मोठं टेबल नव्या घरी न्यायचं आहे, एक तारखेला सकाळी टेम्पो येईल, बाबा तुम्ही असाल ना घरी, असं चाचरत विचारलं. असेन म्हटलं.

टेबल मापलं. दारातून अख्खं जाणार नाही. पाय सोडवावे लागतील. चार पाय, प्रत्येकाला दोन बोल्ट. बोल्ट पिशवीत घालून टेबलाच्या खालच्या अंगाला चिकटवून देईन, म्हणजे तिकडे शोधाशोध नको. एक पाय डुगडुगतो, तोही आजच घट्ट करून ठेवतो. एवढं मला येतं.